कोंबडं झाकायचं कसं?

टेरेस गार्डन झालं, कंपोस्ट झालं, आता शहराच्या कडेला रो-हाऊस घेतलेल्या मंडळींना कोंबड्यांचं वेड लागलंय. पण तुमच्या या नव्या पाहुण्यांवर कोणाकोणाचा डोळा आहे, ठाऊक आहे?

भूगाव म्हणा, तळेगाव म्हणा, वीकेंडला कोणाकडे गेलात की हल्ली मागच्या अंगणात चार-सहा कोंबड्या दिसायला लागल्यात. गिरीराज, वनराज, मिरवायला एखादी कडकनाथ. सकाळी ऑम्लेटला ताजी अंडी, इन्स्टावर फोटो, सगळं कसं एकदम मस्त! आणि मग एका सकाळी दार उघडावं तर अंगणभर पिसं.

तळेगावच्या माझ्या एका मैत्रिणीकडे अस्संच झालं. सहा कोंबड्या, ऑनलाइन मागवलेलं गोंडस लाकडी खुराडं, भोवती जाळी. एका रात्रीत पाच गेल्या. खाल्ली होती एकच, तीही अर्धी. बाकीच्यांच्या मानेवर नुसत्या दातांच्या खुणा. “खायच्या नव्हत्या तर मारल्या कशाला?” ती रडवेली होऊन विचारत होती. उघड्या रानात शिकारी एक पक्षी धरतो, तेवढ्यात बाकीचे उडून जातात. खुराड्यात मात्र पळायला वाटच नसते. समोर फडफड चालू आहे तोवर तो मारत सुटतो. त्यात कोंबडीला अंधारात जवळपास दिसतच नाही. म्हणजे कच्चं खुराडं हे घर नव्हेच, ते वाढून ठेवलेलं ताट आहे.

गडबड कुठे होते? जाळीत. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांसाठी म्हणून षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं हे तिचं कामच नाही. भटका कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि कुत्रा हा आपल्याकडचा नंबर वन शत्रू आहे, शेजाऱ्यांचा लाडका ब्रूनोसुद्धा. त्याऐवजी अर्ध्या इंची चौकोनाची जीआय वेल्डमेश घ्या. महाग पडते, पण घूस, मुंगूस आणि मोठा साप, तिघंही बाहेर राहतात. खुराड्याच्या खिडक्यांनाही हीच लावा. साप येईल म्हणून खिडक्याच बंद करून टाकू नका, एप्रिलमध्ये कोंबड्या आत उकडून निघतील.

दुसरी वाट जमिनीखालून येते. जाळी फूटभर पुरा, असं सगळे सांगतात. आमच्याकडच्या मुरमात फूटभर खणून दाखवा! सोपा उपाय म्हणजे जाळी तळाशी काटकोनात वळवायची, बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरायची आणि वर माती-दगड टाकायचे. खणणारं जनावर कुंपणाच्या अगदी बुडाशी सुरुवात करतं, पंजाला जाळी लागते. दोन पावलं मागे सरून खणावं, हे त्याला सहसा सुचत नाही.

डोक्यावर छप्परही हवंच. दिवसा पिल्लांना घार आणि कावळा पुरतात. त्यांच्यासाठी नायलॉनची जाळी चालेल, पण उदमांजर आंब्याच्या फांदीवरून थेट वर उतरतं, तिथे वेल्डमेशच लागते. आजीच्या काळात पिल्लांवर बांबूचं डालगं पालथं घालायचे. तासाभरासाठी तो जुगाड आजही झकास.

चोर कोण, हे शोधायला सीआयडीतल्या दयाला बोलवायची गरज नाही. अंडी टरफलासकट गायब असतील तर सापावर संशय घ्या. टरफलाचे तुकडे पडलेत? मग उंदीर-घूस, नाहीतर मुंगूस. आणि हे मुंगूस रात्री नाही, दिवसाढवळ्या काम करतं. थोडक्यात, तुमचं आणि त्याचं ऑफिस टायमिंग एकच! रात्री कोंबडीच नाहीशी आणि मागे पिसांची रेघ असेल तर बहुधा रानमांजर. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात मात्र बिबट्याही असू शकतो. तिथे स्वतः डिटेक्टिव्ह न होता वनविभागाला कळवायचं.

चिडून विष घालायचा किंवा फासे लावायचा विचार मात्र मनातही आणू नका. मुंगूस, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. शिवाय विषाने मरतो तो बहुतेकदा ब्रूनो. त्यापेक्षा खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, रात्री सांडलेलं झाडून घ्या. खाद्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप. अंडीही रोजच्या रोज उचला.

एवढं करूनही खरा घोळ होतो तो दाराशी. कोंबड्या सूर्य मावळला की आपणहून आत जातात, पण दार माणसानेच लावावं लागतं. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. आणि तुम्ही तेव्हा कुठे असता? हिंजवडीच्या सिग्नलला! मैत्रिणीच्या त्या रात्रीही जाळी शाबूत होती. रिलीज कॉल लांबला, ती साडेदहाला पोचली आणि दार तसंच उघडं राहिलं.

यावर बॅटरीवर चालणारं ऑटोमॅटिक दार मिळतं. घ्यायचं तर उजेडाच्या सेन्सरवालं घ्या. टायमरवाल्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलत राहावी लागते. फक्त या दाराला मोजता येत नाही. एखादी तलंग बाहेर रेंगाळली तर ती रात्रभर बाहेरच.

मैत्रिणीने आता नव्या चार कोंबड्या आणल्यात, सेन्सरचं दारही बसवलंय. शिवाय सोसायटीच्या वॉचमनकाकांशी डील केलंय. ते अंधार पडल्यावर बॅटरी मारून डोकी मोजतात, कडी ओढून बघतात आणि तिला मिस्ड कॉल देतात. आठवड्याला सहा अंडी, हा त्यांचा रेट.