खालच्या डिव्हिजनचा स्ट्रायकर : गोलावर चालणारी रोजीरोटी

इंग्लंडचं फुटबॉल म्हटलं की आपल्यासमोर प्रीमियर लीग येते. सालाह, हालांड ही नावं घरातल्या लहान पोरांनाही पाठ असतात. पण प्रीमियर लीगमध्ये क्लब फक्त २० आहेत. त्यांच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर २४ क्लब. म्हणजे वरच्या २० क्लबांमागे आणखी ७२ व्यावसायिक क्लब दर आठवड्याला मैदानात उतरतात. त्यातल्या प्रत्येक क्लबाला गोल मारणारा माणूस लागतो.

हा माणूस टीव्हीवर फारसा दिसत नाही. पण फुटबॉल खेळून पोट भरणाऱ्यांत मोठ्या स्टारपेक्षा याच्यासारखेच जास्त असतात. मुलगा चांगला खेळतो, मग त्याला यातच पुढे जाऊ द्यावं का, हा सवाल आपल्या अनेक घरांत निघतो. अशा वेळी हो म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही डोळ्यासमोर मोठा स्टारच ठेवतात. म्हणून आज आम्ही खालच्या डिव्हिजनच्या स्ट्रायकरची नोकरी नेमकी कशी चालते ते एका खऱ्या माणसाच्या कारकिर्दीवरून सांगणार आहोत.

त्याचं नाव अडेबायो अकिनफेन्वा. १९८२ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात जन्म, कुटुंब मूळचं नायजेरियाचं. वजन १०० किलोंच्या आसपास, पहिलवानासारखे खांदे. फिफा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांना तो माहीत असेल, कारण त्या गेममध्ये ताकदीच्या आकड्यात तो अनेक वर्षं सगळ्यांच्या वर होता. प्रीमियर लीगमध्ये मात्र तो एकही मॅच खेळला नाही. तरी वीसहून जास्त वर्षं त्याचं घर फुटबॉलवरच चाललं.

नोकरी, पण वर्षावर्षाची

आधी कराराची गोष्ट समजून घेऊ. इंग्लंडमध्ये खेळाडूचा करार साधारणपणे ३० जूनला संपतो. खालच्या डिव्हिजनमध्ये हा करार बहुतेक वेळा एक किंवा दोन वर्षांचाच असतो. मे महिन्यात मोसम संपला की क्लब यादी काढतो : कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. यादीत नाव नसेल तर १ जुलैपासून माणूस बेकार. मग घरभाडं, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता सगळं डोक्यावर असताना नवीन क्लब शोधायचा.

करार संपलेला मोठा खेळाडू कुठल्याही क्लबात फुकट जाऊ शकतो. १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपभर हा हक्क पक्का झाला. वय २४ च्या आत असेल आणि जुना क्लब नवा करार द्यायला तयार असेल, तर इंग्लंडमध्ये नव्या क्लबाला त्याची भरपाई द्यावी लागते. त्यामुळे खेळाडूला स्वातंत्र्य मिळालं हे खरं. पण लहान क्लबाकडे पैसे कमी असतात, म्हणून तोही माणसाला लांबचा करार देत नाही. त्याला खेळाडूला कधीही सोडता यायला हवं असतं.

अकिनफेन्वाची सुरुवात वॉटफर्डच्या युवा संघातून झाली. तिथे पुढे जागा मिळाली नाही. मग २००१ मध्ये तो थेट लिथुआनियाला गेला, क्लायपेडा शहरातल्या एफके अटलांटास क्लबात. वय १९. परका देश, परकी भाषा, आणि मैदानावर त्याच्या काळ्या रंगावरून शिवीगाळ. घरी परत यावं असं त्याला वाटलं. भावाने समजावलं की तू परत आलास तर त्यांचंच खरं होईल. तो थांबला. त्याच वर्षी लिथुआनियन कपच्या फायनलमध्ये विजयी गोल त्याने मारला.

म्हणजे पहिली मोठी ट्रॉफी १९ व्या वर्षी हातात आली. पण त्यामुळे इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी कोणी दार उघडून ठेवलं नव्हतं. वेल्समधल्या बॅरी टाउन क्लबात तो गेला, तर तो क्लबच पैशाच्या अडचणीत सापडला. त्यानंतर २००३-०४ च्या एकाच मोसमात बोस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडेन अँड डायमंड्स आणि डॉनकास्टर रोव्हर्स असे चार क्लब झाले. चार शहरं, चार कोच, चार ड्रेसिंग रूम. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसापासून स्वतःला सिद्ध करायचं. अनेक पोरं नेमकी याच टप्प्यावर खेळ सोडतात.

स्ट्रायकरचा हिशेब सगळ्यांना दिसतो

डिफेंडरने मोसम चांगला खेळला की नाही यावर वाद घालता येतो. स्ट्रायकरच्या बाबतीत तशी सोय नाही. त्याच्या नावापुढे आकडा असतो. १५ गोल असतील तर मे महिन्यात फोन वाजतो. ३ असतील तर आपणच फोन लावत बसायचं.

आणि गोल मारणं हे कामाचा एक भागच. या डिव्हिजनमध्ये लीगच्याच ४६ मॅच असतात, त्यावर कपच्या वेगळ्या. शनिवारी मॅच, मंगळवारी रात्री पुन्हा मॅच, मधे बसचा लांब प्रवास. हिवाळ्यात मैदानं जड होतात, चेंडू मागून उंच येतो. मोठ्या अंगाच्या स्ट्रायकरने गोलपोस्टकडे पाठ करून, मागून धक्के खात तो चेंडू छातीवर किंवा डोक्यावर घ्यायचा आणि जोडीदाराला द्यायचा. या कामाला टीव्हीवर टाळ्या पडत नाहीत, पण कोच त्यासाठीच माणूस घेतो. अकिनफेन्वा याच कामात उस्ताद होता. अंगावरून लोकांनी त्याची चेष्टा केली, याला फुटबॉलपटू कोण म्हणेल असं म्हटलं. त्याने तेच अंग आपलं हत्यार केलं.

टॉर्की क्लबाकडून २००४-०५ मध्ये लीगमध्ये १४ गोल केल्यावर त्याला स्वान्सी सिटीने घेतलं. इथे २००६ साली जे झालं त्यावरून ही नोकरी किती बेभरवशाची आहे ते कळतं. एप्रिलमध्ये कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर फुटबॉल लीग ट्रॉफीची फायनल झाली. स्वान्सीने कार्लाइलला २-१ ने हरवलं, विजयी गोल अकिनफेन्वाचा. मे महिन्यात त्याच मैदानावर लीग वनची प्ले-ऑफ फायनल झाली, समोर बार्न्सली. जिंकले तर चॅम्पियनशिपमध्ये बढती. मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. अकिनफेन्वाची पेनल्टी हुकली, स्वान्सी हरली. दोन महिन्यांच्या आत एकाच मैदानावर एकच माणूस हिरोही झाला आणि त्याच्याकडे बोटंही दाखवली गेली.

पुढच्याच मोसमात, २००७ च्या सुरुवातीला, त्याचा पाय मोडला. आता कराराची गोष्ट पुन्हा आठवा. वर्षभराचा करार उरलेल्या माणसाचा पाय मोडणं वेगळं, आणि करार संपायला काही महिने असताना मोडणं वेगळं. उन्हाळ्यात स्वान्सी सुटली. पाय मोडलेल्या स्ट्रायकरला घेताना प्रत्येक क्लब दहा वेळा विचार करतो. काही महिन्यांनी मिलवॉलमध्ये थोडी संधी मिळाली, पण लीगमध्ये गोल झाला नाही. २००८ च्या जानेवारीत नॉर्थहॅम्प्टन टाउनने हात दिला आणि तिथे त्याचा जम पुन्हा बसला. मग जिलिंगहॅम, परत नॉर्थहॅम्प्टन, परत जिलिंगहॅम. जुन्या क्लबाने परत बोलावणं ही या धंद्यातली मोठी कमाई आहे. वागणूक आणि मेहनत चांगली असेल तरच असं बोलावणं येतं.

वेम्बलीवर गोल, आणि खिशात करार नाही

२०१४ मध्ये तो एएफसी विंबल्डनला आला. हा क्लब २००२ साली चाहत्यांनी स्वतः उभा केलेला. जानेवारी २०१५ मध्ये एफए कपमध्ये समोर लिव्हरपूल आलं, म्हणजे अकिनफेन्वाची लहानपणापासूनची आवडती टीम. त्याने गोल मारला. स्टीव्हन जेरार्डच्या दोन गोलांमुळे लिव्हरपूल २-१ ने जिंकलं.

मे २०१६ मध्ये लीग टूची प्ले-ऑफ फायनल वेम्बली स्टेडियमवर झाली. विंबल्डनने प्लिमथला २-० ने हरवलं आणि शेवटच्या जादा वेळेतला पेनल्टी गोल अकिनफेन्वाचा होता. क्लबाला बढती मिळाली. मॅचनंतर टीव्हीवर हसत हसत तो म्हणाला की आपण आता बेकार आहोत, कोणा मॅनेजरला गरज असेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा. लोक खूप हसले. पण ती मस्करी खरी होती. वय ३४, करार संपलेला, आणि ज्या क्लबाला वर नेलं तो पुढे ठेवणार नव्हता.

विकम वाँडरर्सच्या गॅरेथ एन्सवर्थने त्याला घेतलं. ३४ व्या वर्षी जिथे बहुतेकांचं संपतं, तिथून त्याची सहा वर्षं सुरू झाली. २०१८ मध्ये विकम लीग वनमध्ये गेलं. जुलै २०२० मध्ये, कोरोनामुळे रिकाम्या वेम्बलीवर, त्यांनी ऑक्सफर्डला २-१ ने हरवून क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदाच चॅम्पियनशिप गाठली. लिव्हरपूलचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांनी त्याला अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला. २००६ मध्ये कार्डिफला हुकलेली बढती त्याला १४ वर्षांनी, वयाच्या ३८ व्या वर्षी मिळाली. पुढच्याच वर्षी विकम पुन्हा खाली आलं. २०२२ ची प्ले-ऑफ फायनल ते संडरलंडकडून हरले आणि ४० व्या वर्षी अकिनफेन्वाने बूट काढून ठेवले. फुटबॉल लीगमध्ये विकमसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू अशी त्याची नोंद झाली. सगळ्या क्लबांचे मिळून त्याचे गोल २०० च्या वर आहेत.

मग जेमी वार्डीचं काय?

कोणी म्हणेल, खालून वर जाणारेही आहेत. आहेत. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने १६ व्या वर्षी सोडलं. स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबात तो आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, सोबत कारखान्यात काम केलं. २०१२ मध्ये लेस्टरने त्याला घेतलं आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा चॅम्पियन झाला. रिकी लँबर्टने बीटाच्या कारखान्यात काम केलं होतं. २०१३ मध्ये ३१ व्या वर्षी तो इंग्लंडकडून पहिली मॅच खेळायला उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच स्पर्शात हेडरने गोल मारला.

या गोष्टी हिंमत देतात, जरूर सांगाव्यात. पण त्यावर घराचं बजेट आखू नये. वार्डी एक असतो, आणि त्याच्यासारखं वर न पोहोचलेले शेकडो असतात. या दोघांच्या गोष्टीतही दुसरं काम होतंच. व्यावसायिक चार डिव्हिजनच्या खाली आजही अनेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव.

अकिनफेन्वाने हे ओळखलं होतं. खेळत असतानाच त्याने कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला. ज्या अंगाची थट्टा झाली त्याच अंगाच्या नावावर त्याने धंदा उभा केला. इंग्लंडमध्ये खेळाडूंची युनियन आहे, १९०७ पासूनची. ती खेळाडूंना शिक्षणासाठी आणि दुसऱ्या कामाच्या तयारीसाठी मदत करते, कारण ३५ व्या वर्षानंतर आयुष्य बरंच बाकी असतं हे तिला माहीत आहे.

म्हणून घरात हा विषय निघाला तर "मोठा खेळाडू होईल का?" हा सवाल बाजूला ठेवावा असं आम्हाला वाटतं. त्याचं उत्तर कोच देऊ शकत नाही, आई-वडीलही नाही. विचारायचे सवाल वेगळे आहेत. करार किती वर्षांचा आहे आणि दुखापत झाली तर पगार कोण देणार? क्लब सुटला तर सहा महिने घर कशावर चालेल? शिक्षण किंवा हुन्नर सोबत चालू आहे का? आणि सगळ्यात आधी पोराला विचारावं : नाव झालं नाही, टीव्हीवर दिसला नाहीस, दरवर्षी नव्याने जागा मिळवावी लागली, तरी हे काम करशील का?

तो हो म्हणाला तर त्याला मूर्ख समजू नये. २०० गोल मारून, १३ क्लबांचं पाणी पिऊन, प्रीमियर लीग न बघता माणूस इज्जतीने घर चालवू शकतो. फक्त घरच्यांना त्या नोकरीचा हिशेब आधीच माहीत असला पाहिजे, म्हणजे मे महिन्यात यादीत नाव आलं नाही तरी पोराला घरात तोंड लपवावं लागणार नाही.