खानदेशातील लहान विमानांचे इंधन : वाहतूक व हाताळणीतील सुरक्षितता

प्रस्तावना

जळगावचे विमानतळ, धुळ्यानजीक गोंदूर येथील धावपट्टी आणि शिरपूरची धावपट्टी यांमुळे वैमानिक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात खानदेशाचे नाव झाले आहे. १९२८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही प्रशिक्षणासाठी धुळ्याची धावपट्टी स्वीकारली. उड्डाणातील धोक्यांची चर्चा नेहमी होते. परंतु पिंपापासून विमानाच्या टाकीपर्यंत होणारा इंधनाचा प्रवासही जोखमीचा असतो. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

इंधनाची ओळख

लहान विमानांची बहुसंख्य पिस्टन इंजिने ‘एव्हगॅस १०० एलएल’ या शिसेयुक्त पेट्रोलवर चालतात. पूर्वी ते आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार झालेले देशी एव्हगॅस उपलब्ध केले. ओळखीसाठी त्यास निळा रंग दिलेला असतो. जेट विमानांचे ‘एटीएफ’ हे रॉकेलाच्या जातीचे इंधन आहे. ते चुकून पिस्टन इंजिनात गेल्यास इंजिन आकाशात बंद पडू शकते. दोन्हींच्या मिश्रणातही निळी छटा उरू शकते. म्हणून केवळ रंगावर न विसंबता पिंपावरील नाव व कागदपत्रे पडताळणे आवश्यक ठरते.

वाहतूक व साठवण

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंश सेल्सिअसखाली ज्वलनांक असणारे इंधन ‘अ’ वर्गात मोडते. एव्हगॅस याच वर्गातील आहे. विक्रीसाठी नसलेला ३० लिटरपर्यंतचा साठा विनापरवाना ठेवता येतो. मात्र धातूचे भांडे २५ लिटरहून मोठे नसावे व त्याचे झाकण घट्ट असावे. त्यापुढील प्रमाणासाठी पेट्रोलियम नियम, २००२ लागू होतात.

खानदेशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापमान २० अंशांनी वाढल्यास २०० लिटर पेट्रोल सुमारे ४ लिटरने प्रसरण पावते. म्हणून पिंप काठोकाठ भरू नये. ते सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

ठिणगी आणि पाणी

वाहत्या इंधनात स्थितिक विद्युत निर्माण होते. कोरड्या हवेत ती सहज साचते. त्यामुळे टाकीचे झाकण उघडण्यापूर्वीच विमान व इंधनपात्र तारेने परस्परांशी जोडावे आणि झाकण पुन्हा लावल्यानंतरच तार काढावी. प्लॅस्टिकचे कॅन व नरसाळी टाळावीत, कारण त्यांवरील विद्युतभार तारेवाटे निघून जात नाही. गाडीत ठेवलेला कॅन तेथेच भरू नये. तो जमिनीवर उतरवावा.

पावसाळ्यात धोका पाण्याचा असतो. उभ्या पिंपाच्या झाकणावर साचलेले पाणी, रात्री आतील हवा आकुंचन पावताना, बुचातून आत ओढले जाते. म्हणून पिंप आडवे ठेवून दोन्ही बुचे इंधनाच्या पातळीखाली राहतील असे पाहावे. पाणी जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर तळाचा नमुना पारदर्शक पात्रात तपासणे अनिवार्य मानले जाते. शिसे त्वचेवाटे शरीरात जात असल्याने या इंधनाने हात धुऊ नयेत.

निष्कर्ष

तार जोडणे, नाव वाचणे व नमुना पाहणे या तीन कृतींना काही मिनिटे पुरतात. त्यांपैकी नाव वाचणे किंवा नमुना पाहणे टळले, तर त्याचा परिणाम प्रशिक्षणार्थी उंचीवर असताना प्रकट होऊ शकतो आणि तेव्हा चूक सुधारण्यास अवधी नसतो. म्हणून इंधन भरणाऱ्या कामगाराचे प्रशिक्षण हे वैमानिकाच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे.