ग्रँड कॅन्यन एका दिवसात ‘उरकता’ येतं?

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांच्या यादीत ग्रँड कॅन्यन असतंच. लास वेगासला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत कॅन्यन बघून परत यायचं, असा बेत सर्रास आखला जातो. ग्रँड कॅन्यन हे एकच ठिकाण आहे, हा गैरसमज त्याच्या मुळाशी असतो.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आहे. वेगासहून सर्वांत जवळ पडतं ते ग्रँड कॅन्यन वेस्ट. काचेचा स्कायवॉक तिथेच आहे. पण ही जमीन हुआलापाई या आदिवासी समाजाची. राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. आपण फोटोंत पाहतो ती दृश्यं बहुतेक वेळा साउथ रिमची, म्हणजे दक्षिण कड्याची असतात आणि साउथ रिम वेगासहून साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. समोर दिसणारी नॉर्थ रिम सरळ रेषेत जेमतेम १६ किलोमीटर, गाडीने मात्र सुमारे ३४५! मध्ये गाडीचा पूलच नाही. पार मार्बल कॅन्यनला वळसा घालावा लागतो. शिवाय हिवाळ्यात बर्फामुळे ती बाजू बंदच असते.

वाळवंटात बर्फ? हो. साउथ रिमची उंची सुमारे २१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेचारशे मीटर जास्त. डिसेंबरात तिथे स्वेटर-कानटोपी लागतेच. उलट जुलैत कड्यावर हवा बरी वाटते आणि तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. धोका नेमका इथे आहे. डोंगरावर आपण दमलो की खाली परततो; इथे आधी उतार असतो आणि थकल्यावर चढ. म्हणूनच नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येऊ नका, उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढ-उतार टाळा, असं उद्यानाचे रेंजर वारंवार बजावतात.

आभाळ निरभ्र आहे म्हणजे पुराची भीती नाही, हा समज तर जिवावर बेततो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्याच पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथे नव्हे, कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला झाला होता. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते थेट अशा घळींत घुसतं. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वळवाचा काळ. ही जमीन नव्हाहो या आदिवासी समाजाची; आता त्यांच्या वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. वाटाड्याने सहल रद्द केली, तर हुज्जत घालू नका.

घड्याळाचाही घोळ होतो. उन्हाळ्यात युटा आणि नव्हाहो प्रदेश घड्याळ तासभर पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. अँटिलोपच्या सहली ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात. त्यामुळे मोबाइलवर विसंबून राहू नका. रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या, पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरा आणि गाडीत माणशी चार लिटर पाणी ठेवा.

हातात एकच दिवस असेल, तर साउथ रिमचा हट्ट सोडून युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जा. ते वेगासहून अडीच-तीन तासांवर आहे. तिथल्या मुख्य दरीत वर्षातला बराच काळ खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची बस घ्यावी लागते. साउथ रिमला जायचंच असेल, तर किमान एक मुक्काम करा.