कमवा आणि शिका : मुलाचे कॉलेज सोडवण्यापूर्वी

कॉलेजची फी भरण्याचे दिवस आले की आपल्या बाजारात एक गोष्ट हमखास घडते. बारावी झालेल्या मुलाला 'आता पुरे' म्हणून दुकानात किंवा कारखान्यात बसवले जाते. आमच्या कापडाच्या दुकानातही आम्ही असाच एक मुलगा पूर्ण वेळ ठेवून घेतला होता. त्याच्या घराला हातभार लावला, असे आम्हाला वाटले. त्याची तालीम आमच्यामुळे सुटली, हे उशिरा ध्यानात आले.

कॉलेज की कमाई, यांच्या मधलाही एक रस्ता आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून मेहनत करीत व शिकत.

आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात व त्याच्या अनेक कॉलेजांत कर्मवीरांच्याच नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. गरजू विद्यार्थी अर्ज करतो, कॉलेज निवड करते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेत तो तासिका सांभाळून काम करतो आणि तासाच्या हिशेबाने मोबदला घेतो. ही खैरात नव्हे आणि कर्जही नव्हे.

मात्र हिशेब आधी समजून घ्यावा. पैसा काम केल्यानंतर मिळतो. म्हणून फीच्या पहिल्या हप्त्याची सोय वेगळी करावी लागते. या मोबदल्यात वह्या, पुस्तके, बसभाडे, मेस यांना आधार मिळतो. सारा खर्च भागेलच असे नाही. जागाही मोजक्या असतात. तेव्हा प्रवेश घेताच मुलाने किंवा मुलीने उत्पन्नाचा दाखला घेऊन कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे. शिष्यवृत्तीची चौकशीही तेथेच करावी.

कॉलेजात काम न मिळाल्यास आपण व्यापारी काय करू शकतो? पूर्ण वेळचा नोकर मागण्याऐवजी संध्याकाळचे दोन-तीन तास द्यावेत. रोजमेळ लिहिणे, जीएसटीची बिले लावणे, मालाची मोजदाद करणे ही कामे शिकणारी मुले चांगली करतात. वेळ व मोबदला आधी कागदावर लिहावा, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी द्यावी आणि सणासुदीच्या गर्दीतही तासिका बुडवायला लावू नये.

गिऱ्हाइकाला आपण मीटरचा भाव आधी सांगतो. या मुलांच्या तासाचा भावही तसाच आधी ठरवावा.