मशीन आधी ओळखा, मग पाना लावा
(गवत कापण्याच्या मशीनबाबत आमचा तजुर्बा)

आमचा धंदा कापडाचा. बिरवाडीत काळ नदीच्या आसऱ्याने राहून उभे आयुष्य तागे उलगडण्यात आणि मीटर मोजण्यात गेले. मशीन म्हणाल तर शिलाई मशीनपलीकडे आमची ओळख नाही. असे असूनही आज या पानावर गवत कापण्याच्या मशीनबद्दल लिहायला बसलो आहोत. कारण एकच. या मशीनने आम्हाला दोन हजारांचा फटका दिला आणि त्याबदल्यात एक धडा शिकवला. तो धडा आमच्या व्यापारी आणि कारीगर बांधवांच्या कामी यावा, एवढाच हेतू.

गोष्ट 2022 सालची. आमचा भाचा कोरोनाच्या काळात आखातातली नोकरी सुटून घरी आला होता. बिरवाडीला लागूनच महाडची एमआयडीसी. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिससमोर मोठी हिरवळ आहे. ती कापून नीट ठेवण्याचे काम भाच्याला तोंडी मिळाले. अट एकच होती, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी मैदान तयार पाहिजे. ते जमले तर वर्षाचे काम, नाही तर दुसरा माणूस तयार होता.

भाच्याने एका भंगारवाल्याकडून हाताने ढकलत चालवायचे पेट्रोलचे मशीन साडेसहा हजारांना घेतले. पैसे आम्ही दिले. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटे चालले आणि बंद पडले. नंतर दोरी ओढून ओढून भाच्याचा खांदा दुखू लागला, पण मशीन काही दाद देईना. कोणीतरी सांगितले, कार्बोरेटर गेला. मशीनच्या पत्र्यावर जे नाव रंगवले होते ते सांगून आम्ही मुंबईहून कार्बोरेटर मागवला. चौदाशे रुपये गेले आणि तो बसलाच नाही. बदलून दुसरा मागवला. त्याचे सहाशे रुपये वर गेले आणि तोही बसला नाही. तोवर ऑगस्टची दहा तारीख उजाडली.

शेवटी मशीन टेम्पोत टाकून ओळखीच्या एका मिस्त्रींकडे नेले. हे गृहस्थ शेतीचे पंप दुरुस्त करतात. त्यांनी पानाही हातात घेतला नाही. आमच्याकडे चिंधी मागितली, ती रॉकेलमध्ये भिजवली आणि इंजिनावरचे काळे किटण पुसू लागले.

"मिस्त्रीभाई, वेळ कमी आहे," आम्ही म्हणालो.

ते म्हणाले, "शेठ, तुम्ही तागा घेताना आधी काय बघता? किनार बघता. मिलचे नाव किनारीवर असते, दुकानाच्या पिशवीवर नसते. तुम्ही मशीनची पिशवी वाचून माल मागवलात."

आम्ही गप्प झालो. तीस वर्षे गिऱ्हाइकांना आम्ही हेच सांगत आलो होतो.

किनार कुठे शोधावी?

बंधूंनो, या मशीनमध्ये दोन वस्तू वेगवेगळ्या असतात हे आधी समजून घ्या. खालचा पत्रा, चाके आणि दांडा एका कंपनीचा, तर वर बसवलेले इंजिन पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे. इंजिनाचा पार्ट इंजिनाच्या नावाने मागवायचा. पाते, चाक, केबल हे सामान मशीनच्या नावाने मागवायचे.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे इंजिनाचा आकार घन इंचात सांगतात. 12 ने सुरू होत असेल तर 12 घन इंच, म्हणजे दोनशे सीसीच्या किंचित खाली. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याचे वर्ष, महिना आणि दिवस. 030814 असे असेल तर ते 14 ऑगस्ट 2003 चे. जुना माल विकणारा "दोनच वर्षे वापरलेले आहे" म्हणाला, तर हा आकडा त्याच्यासमोर वाचावा.

होंडाच्या इंजिनावर मॉडेलची अक्षरे असतात आणि नंबर इंजिनाच्या अंगावर कोरलेला असतो. त्यात जीएक्स 160 आणि जीएक्सव्ही 160 हे दोन वेगळे आहेत. जीएक्सचा दांडा आडवा, तो पंपाला वगैरे लागतो. जीएक्सव्हीचा दांडा उभा, त्याच्या खाली पाते बसते. एका अक्षराचा फरक आहे, पण पार्ट मागवताना त्या एका अक्षरावर पैसे जातात.

तिसरी ओळख तेलाची. इंजिनाला तेलाचे वेगळे बूच असेल तर ते फोर स्ट्रोक. त्याच्या टाकीत साधे पेट्रोल घालायचे. खांद्याला अडकवून झुडपे कापायचे मशीन बरेचदा टू स्ट्रोक असते. त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. एकाचा डबा दुसऱ्यात ओतला की फोर स्ट्रोक धूर ओकते आणि टू स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो.

बिघाड शोधण्याचा क्रम

मिस्त्रींनी सर्वांत आधी प्लगची टोपी काढून बाजूला बांधली. एकवीस इंची पाते मिनिटाला तीन हजार फेरे घेते, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग तासाला सुमारे 300 किलोमीटर होतो. हाताने पाते फिरवताना इंजिन एकदा जरी पेटले तरी बोटे जातात. टोपी काढल्याशिवाय मशीनखाली हात घालायचा नाही, हा पहिला नियम.

मग क्रमाने पेट्रोल पाहिले. महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल चिकट होते आणि कार्बोरेटरचे बारीक भोक बुजवते. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढते. जुनी छोटी इंजिने बहुतेक दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेली आहेत. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत टाकी अर्धी ठेवून मशीन कोपऱ्यात ढकलणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण. काम नसेल तेव्हा टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. भोक साफ करताना जाड तार घालू नये. भोक मोठे झाले तर तो कार्बोरेटर खरोखरच जातो.

त्यानंतर हवा. फिल्टर काढून उजेडाकडे धरला. कागदी फिल्टरमधून उजेड दिसला नाही तर तो बदलायचा. स्पंजचा असेल तर साबणाने धुऊन, वाळवून, तेलाचा किंचित हात देऊन परत लावायचा.

मग ठिणगी. प्लग काढून फट मोजली. अशा इंजिनांना साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर फट लागते. बहुतेक मशीनच्या दांड्यावर एक आडवा लिव्हर असतो. तो दांड्याला दाबून धरला नाही तर इंजिन सुरूच होत नाही. त्याची केबल ढिली झाली तरी तेच होते. पुष्कळ लोक इथेच फसतात आणि नवी कॉइल विकत घेतात.

आमच्या मशीनचे पेट्रोल ताजे होते, हवा मोकळी होती, ठिणगीही चांगली होती. तरी दोरी ओढली की उलटा झटका बसे आणि सायलेन्सरमधून फटाका वाजे. मिस्त्रींनी मशीन कुशीवर घेतले. घेताना फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर ठेवली. ती खाली गेली तर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि नवाच बिघाड होतो. मग त्यांनी पात्याच्या टोकावर बोट ठेवले. तिथे खाच पडली होती.

"हे दगडाला लागले आहे," ते म्हणाले.

वरचे झाकण उघडून फ्लायव्हील काढले. फ्लायव्हील आणि क्रँक शाफ्ट यांच्यामध्ये धातूची एक छोटी चावी असते. पाते दगडावर आपटले की ही चावी कातरली जाते. फ्लायव्हील आपल्या जागेवरून किंचित सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, पण मेळ नाही. आमची चावी अर्धी कातरली गेली होती. पाटीवरचा नंबर सांगून नवी मागवली. ती चाळीस रुपयांना आली. प्लग काढून दोरी हळूहळू ओढत पात्याचा बोल्ट डगमगतो का, म्हणजे शाफ्ट वाकला आहे का, तेही पाहिले. सुदैवाने शाफ्ट सरळ होता. पाते घासले, खिळ्यावर टांगून त्याची दोन्ही टोके सारखी तोलली आणि परत लावले. तोल नसलेले पाते सगळे मशीन थरथरवते आणि बोल्ट ढिले करते.

तेरा ऑगस्टला मशीन चालले. मात्र गवत ओले आणि गुडघ्याएवढे होते. भाच्याने चाके सर्वांत वरच्या खाचेत लावून एकदा कापले आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरवून पुन्हा कापले. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये, हा माळ्यांचा जुना नियम आहे. चौदाच्या संध्याकाळी मैदान तयार झाले आणि काम भाच्याकडे राहिले.

कोकणातल्या कारीगरांसाठी

हे मशीन सपाट हिरवळीचे आहे. जांभ्याचे दगड, खुंट आणि चढउतार असलेल्या रानात ते नेऊ नये. तिथे खांद्याचे मशीनच बरे. उतारावर न्यावेच लागले तर आडवे चालवावे, वरखाली चालवू नये, कारण पाय घसरला तर पाय पात्याकडेच जातो.

दुसरी गोष्ट पुराची. 22 जुलै 2021 च्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. पाण्यात गेलेल्या इंजिनाची दोरी ओढून पाहण्याची घाई करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढावा, तेल आणि पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, मग हळूहळू ओढून पाणी बाहेर काढावे. गाळ धुऊन सगळे वाळवावे, नवे तेल घालावे आणि थोडे चालवून तेही बदलावे.

आता शेवटची एक गोष्ट. हे मशीन मूळचे आमच्याच धंद्यातले आहे, हे आम्हाला नंतर कळले. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ लाल बनात विणणाऱ्या मिल होत्या. बनातीवरची लव कापायला तिथे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारीगराने 1830 साली तशाच पात्यांचे गवत कापण्याचे यंत्र बनवले आणि त्याचे पेटंट घेतले. ते 19 इंच रुंद होते. घट्ट-ढिला होणाऱ्या पान्याची एक सुरुवातही त्याच्याच नावावर सांगितली जाते. कापडाच्या मिलमधली युक्ती त्याने मैदानावर नेली, कारण मिलचे यंत्र त्याने बारकाईने ओळखले होते.

आमच्या दोन हजारांचा हिशेब असा. दोन हजार न ओळखता गेले, चाळीस रुपये ओळखून लागले. मिस्त्रींनी मजुरी दोनशे मागितली. आम्ही पाचशे दिले, तर तीनशे परत केले. म्हणाले, "पाटी वाचायला शिकलात, बाकीचे त्यात आले."

भाच्याने आता दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू केले आहे. दुसऱ्यांची मशीनही त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. मशीन आले की तो आधी आमच्याकडे चिंधी मागतो. आम्ही कटपीसमधली एक काढून देतो आणि तिचे पैसे धरत नाही.