जुन्या घरांतील विजेची पेटी

भिरा येथें १९२७ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. मुळशीच्या जलाशयांतील पाणी सह्याद्रीवरून खालीं आणून त्यावर तेथें वीज उत्पन्न होते, आणि यंत्रें फिरवून मोकळें झालेलें तेंच पाणी कुंडलिकेच्या पात्रानें रोह्यावरून समुद्राकडे जातें. रोहेकरांच्या दारावरून पाणी गेलें. वीज मात्र मुंबईकडे गेली. पेण-रोह्याच्या सामान्य घरांत दिवा लागावयास त्यानंतर पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

ती जेव्हां आली तेव्हां तिच्यापासून अपेक्षाही बेताचीच होती. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि माडी यांस एकेक दिवा व दोन पंखे, एवढ्यावर घर संतुष्ट असे. ६० वॅटचे पांच दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून ४५० वॅट होतात. २३० व्होल्टच्या दाबानें तो प्रवाह जेमतेम २ अँपिअर. ओटीवरील लाकडी फळ्यावर मीटर, लोखंडी मेन स्विच, चिनी मातीचे दोनतीन फ्यूज आणि लाकडी पट्टींतून खेळविलेली बारीक तार, ही मांडणी त्या बेताच्या भारासाठीं होती व तिनें आपलें काम चोख केलें. आज त्याच फळ्यावरून २००० वॅटचा गीझर एकटाच सुमारें ९ अँपिअर ओढतो; १००० वॅटची इस्त्री ४ अँपिअरांहून अधिक घेते. पेणेस तर गणेशमूर्तींचे कारखाने पुष्कळदां घरांतच असतात. ऐन पावसाळ्यांत चतुर्थी जवळ आली म्हणजे रंगाच्या फवाऱ्याचा काँप्रेसर, मूर्ति वाळविण्यासाठीं लावलेले पंखे आणि रात्रीं जागून काम करणाऱ्यांचे दिवे हीं सर्व एकाच वेळीं चालतात. भार कित्येक पटींनीं वाढला. तार मात्र तीच राहिली.

तारेंतून प्रवाह गेला कीं ती तापते, आणि हें तापणें प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें: प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. फ्यूज म्हणजे या हिशेबांत मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. घरांतील तार धोक्यापर्यंत तापण्यापूर्वीं तिनें वितळावें व प्रवाह तोडावा, एवढेंच तिचें काम. परंतु पाहुणे आले असतां फ्यूज दोनदां उडाला, कीं घरांतील एखादा हौशी गृहस्थ त्यांत तारेचे तीन पेड घालतो आणि दिवे लागल्याचें समाधान मानतो. वस्तुतः त्यानें पहारेकऱ्यास अफू चारून निजविलेलें असतें. यापुढें तापून जळण्याची पाळी येते ती लाकडी पट्टींतील तारेवर, आणि तिच्या डोक्यावर कौलांखालचे वासे असतात.

हें ध्यानीं आलें म्हणजे बहुतेक कुटुंबें जुना फळा काढून नवी पेटी बसवितात. तींत फ्यूजऐवजीं एमसीबी नांवाचे खटके असतात. भार बराच वेळ अधिक राहिला तर त्यांतील दोन धातूंची पट्टी तापून वांकते, आणि एकाएकीं मोठा प्रवाह आला तर विद्युच्चुंबक खटका तत्क्षणीं पाडतो. साधन उत्तम, पण येथेंच सर्वांत मोठी चूक घडते. खटका किती अँपिअरचा असावा हें गीझर ठरवीत नाहीं, तार ठरविते. दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेस ६ किंवा १० अँपिअर, २.५ च्या तारेस १६, ४ च्या तारेस २० असा साधारण प्रघात आहे. जुन्या बारीक तारेवर ३२ अँपिअरचा खटका बसविणें म्हणजे तीन पेडांचा फ्यूजच नव्या पेटींत घालणें होय. म्हणून पेटी बदलावयाची तर गीझर व वातानुकूलक यंत्र यांस पेटीपासून स्वतंत्र तार हवी, आणि रबराचें आवरण विटलेली जुनी तार काढूनच टाकावी.

दुसरा एक गैरसमज याहून घातक आहे. एमसीबी तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. सदोष गीझरला ओला हात लागून शरीरांतून ५० ते १०० मिलिअँपिअर, म्हणजे फार तर अँपिअरचा दहावा भाग, प्रवाह गेला तरी हृदयाची गति बिघडून मृत्यु येऊं शकतो. १६ अँपिअरच्या खटक्यास त्याची दादही नसते. त्यासाठीं आरसीसीबी हें निराळें साधन लागतें. जाणाऱ्या व परत येणाऱ्या प्रवाहांची तें सतत तुलना करतें, आणि त्यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली कीं निमिषार्धांत पुरवठा तोडतें. कोंकणांतल्या जुन्या घरांत मात्र पहिल्याच आषाढांत तें वरचेवर पडूं लागतें. मग साधनच नादुरुस्त म्हणून वायरमनकडून तें वगळून घेतलें जातें. बिचारें साधन खरें तेंच सांगत असतें! ओल धरलेल्या भिंतीशीं लागलेल्या जीर्ण तारेंतून वीज झिरपत असते. अशा वेळीं एकेक शाखा निराळी करून मेगरनें आवरणाची परीक्षा घ्यावी व दोषी तार बदलावी.

याच्या जोडीस अर्थिंग हवेंच. तीन छिद्रांच्या सॉकेटांतील वरचें मोठें छिद्र जुन्या घरांत बहुधा रिकामें असतें. कांहीं ठिकाणीं तें आंतल्या आंत न्यूट्रलला जोडलेलें आढळतें. न्यूट्रल तुटली तर गीझरच्या पत्र्यांतच वीज उतरते. अंगणांत नळी पुरून, तिच्यापासून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत नेणें हाच त्यावर उपाय.

हें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें. भार वाढणार असल्यास महावितरणकडे मंजूर भार वाढविण्याचा अर्ज करावा लागतो. मीटरच्या सीलास ग्राहकानें हात लावावयाचा नसतो. सर्व खर्च एकदम झेपत नसेल तर अर्थिंग व आरसीसीबी आधीं, गीझरची तार मग, दिव्यांच्या तारा शेवटीं, हा क्रम बरा. भिंती कोरड्या असतां, माघ-फाल्गुनांत, काम सोयीचें होतें. पण आवरणाची परीक्षा एकदां भर पावसांतही घ्यावी, कारण वैशाखांत निर्दोष दिसणारी तार श्रावणांत दगा देते. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराची लहानशी कळ असते. ती अधूनमधून दाबून पाहावी. दाबतांच वीज गेली पाहिजे. न गेल्यास साधन निकामी झालें असें समजून तें बदलून घ्यावें.