शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी : प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, जाणत्या कारागिराच्या हाताखाली, ठराविक मुदतीत व्यवसाय शिकण्याची करारबद्ध पद्धती. वस्तुनिर्माण उद्योगांस लागणारे जोडारी, कातारी, यंत्रकारागीर इ. कुशल कामगार व त्यांच्यावरील श्रेणीचे तंत्रज्ञ घडविण्याचा हा एक प्रमुख मार्ग होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील पद्धतीचा विचार केला आहे.

सुतार, लोहार, तांबट यांचे कसब पूर्वी घराण्यातच बापाकडून मुलाकडे जाई. कारखानदारी वाढल्यावर ही व्यवस्था अपुरी पडली. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे पसरले. तथापि संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील अनुभवाची जोड आवश्यक असल्याने १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम करण्यात आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले.

या अधिनियमानुसार मालक व उमेदवार यांच्यात करार होतो आणि त्याची नोंदणी केली जाते. उमेदवारास विद्यावेतन मिळते. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनी तीस वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर एकूण संख्येच्या २·५ ते १५ टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले.

प्रशिक्षणाचा पाया हातकामाचा असतो. जोडाऱ्याचा उमेदवार प्रथम कानस चालवून पृष्ठभाग सपाट व काटकोनात आणावयास शिकतो, मग व्हर्नियर व मायक्रोमीटरने मापे घेतो आणि त्यानंतर यंत्राकडे वळतो. संगणक-नियंत्रित यंत्रांच्या काळात कानशीवर घालविलेले आठवडे व्यर्थ होत, असे काही कारखानदार म्हणतात. ते बरोबर नाही. धातू किती निघाला व माप कोठे चुकले, याची जाण हाताला एकदा आली की यंत्राने केलेली चूकही लवकर ओळखता येते. खरा दोष निराळाच आहे. पुष्कळ ठिकाणी उमेदवाराला एकाच यंत्रावर बसवून वर्षभर तोच भाग काढावयास लावतात. उत्पादन होते, विद्यावेतनात काम भागते. मात्र मुदत संपल्यावर त्याच्या हाती प्रमाणपत्र असते, व्यवसाय नसतो.

मुदतीनंतरच्या नोकरीचा प्रश्न याहून बिकट आहे. अधिनियमाच्या २२ व्या कलमाने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असल्यास थेट भरतीच्या उमेदवारांपेक्षा प्रशिक्षित उमेदवारांस प्राधान्य द्यावे, असे सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने यासंबंधी आपले भरतीधोरण ठरवावे असे म्हटले. पण धोरण ठरविणे आणि जागा देणे यांत बरेच अंतर आहे.

याबाबतीत जर्मनीची तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याखाली उमेदवार कारखान्यात काम करतो आणि आठवड्यातील एकदोन दिवस व्यवसायशाळेत जातो. परीक्षा व्यापार-उद्योगांची मंडळे घेतात. कुशल कामगार पुढे ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा देऊन स्वतः उमेदवार शिकविण्यास पात्र होतो. २००९ पासून या पात्रतेवर विद्यापीठाचे दारही खुले झाले आहे. शिकविणारा उस्ताद हा तेथे बढतीचा एक टप्पा आहे. आपल्याकडील कारखान्यांत ते बहुधा नेहमीच्या कामाखेरीज गळ्यात पडलेले काम असते.

भारतात वरच्या शिक्षणाची वाट बंद नाही. महाराष्ट्रात दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. मात्र हे अभ्यासक्रम बहुतांशी पूर्णवेळ असल्यामुळे त्यांचा लाभ शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनाच होतो. दहा वर्षे लेथवर काढलेल्या कातार्‍यास त्यासाठी चालू पगार सोडावा लागतो, आणि कुटुंब चालविणाऱ्यास ते सहसा परवडत नाही.